बावीस सेंटीमीटर

गजेंद्रचं पत्र आलं त्याला यंदा सोळा वर्षं झाली, आणि रमाकांतराव निजसुऱ्यांनी त्याला अजून उत्तर दिलेलं नव्हतं. ज्या माणसाने दिवाळीच्या छापील शुभेच्छापत्रांनाही स्वहस्ते उत्तरं लिहिली, विम्याच्या एजंटाला 'आपले कृपापत्र मिळाले' असं कळवलं, त्याच्याकडून एवढं एक पत्र राहून गेलं. राहून गेलं असं ते स्वतःशी म्हणत. कांचनताई म्हणत, "राहून नाही गेलं, ठेवून दिलंत."

पत्र निळ्या अंतर्देशीय कागदावर होतं, लखनऊच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या घरच्या पत्त्यावर आलेलं. मजकूर हिंदीत, पाचच ओळींचा. 'साहब, नाराज़ मत होइएगा. नया गेज एक सीढ़ी कम बताता है. पहले ख़तरे के निशान पर पानी ऊपर से पाँचवीं सीढ़ी छूता था, अब चौथी छूता है. चबूतरे का पत्थर नया है, उस दिन भी कहा था. आप देख लीजिए, आप जो कहेंगे वही सही.' खाली सही, आणि सहीखाली 'गेज वाला'.

शेवटचं वाक्य रमाकांतरावांना सगळ्यात जास्त बोचायचं. कारण झालंही तसंच होतं. ते जे म्हणाले, तेच खरं ठरलं होतं.

रमाकांतरावांची उभी नोकरी नद्यांचं पाणी मोजणाऱ्या सरकारी खात्यात गेली. गोमतीच्या एका घाटावर त्यांच्या अखत्यारीतलं एक केंद्र होतं. तिथे पाण्यात गेजची पोस्ट उभी असायची, म्हणजे पट्टीसारखे आकडे रंगवलेला एक खांब. रोज सकाळी आठ वाजता, आणि पुराच्या दिवसांत दर तासाला, गजेंद्र पायऱ्या उतरून त्यावरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि वायरलेसवर कळवायचा. आकडा धोक्याच्या खुणेला टेकला की खालच्या वस्तीला घरं सोडायची सूचना जायची. आकडा कुठला, तर खांब सांगेल तो. आणि खांब खरं बोलतो की नाही, हे ठरायचं घाटाच्या ओट्यावरून. त्या ओट्याच्या वरच्या कोपऱ्याची उंची फार पूर्वी मोजून रजिस्टरात लिहून ठेवलेली होती. खांब नव्याने रोवायचा झाला, तर त्या कोपऱ्यावर मोजपट्टी धरायची, दुर्बिणीतून बघायचं आणि तिथून खाली हिशेब करत यायचं.

एका वर्षीच्या पुरात खांब वाहून गेला. नवा रोवायला रमाकांतराव स्वतः गेले. हाताखालच्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, त्यांचा स्वतःवरच नव्हता. त्यामुळे प्रत्येक गोष्ट स्वतः तीनदा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घराला कुलूप लावून ते कोपऱ्यापर्यंत जात आणि परत येऊन कुलूप ओढून बघत. कार्यालयात याला 'निजसुरे साहेबांची बारीक नजर' म्हणत. ती नजर नव्हती, धास्ती होती, हे फक्त कांचनताईंना ठाऊक होतं.

त्या दिवशी त्यांनी ओट्याच्या कोपऱ्यावर पट्टी धरायला सांगितली, तेव्हा गजेंद्र म्हणाला होता, "साहब, ये पत्थर तो नया है. पुजारीजी ने पिछले साल लगवाया. पुराना नीचे दबा है."

रमाकांतरावांनी रजिस्टर उघडलं. रजिस्टरात लिहिलं होतं, 'ओट्याचा वरचा कोपरा.' त्यांनी ओट्याकडे पाहिलं. कोपरा वरच होता. त्यांनी रजिस्टर पुन्हा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि म्हणाले, "रजिस्टर में ऊपरवाला कोना लिखा है, गजेंद्र. यही है."

ज्याला आयुष्यात कशाचीच खात्री वाटली नाही, त्याला नेमकी त्या सकाळी वाटली. कारण समोर लिहिलेलं होतं. माणसाने सांगितलं असतं तर त्यांनी दहा शंका काढल्या असत्या. सांगितलंही होतं, पण लिहिलेल्या अक्षरासमोर माणसाचं काय चालणार?

विटांचे दोन थर आणि वर लाल दगडाची फरशी. खांब तेवढाच वर रोवला गेला, आणि नदी तेवढीच खाली वाचली जाऊ लागली.

पुढच्या पावसाळ्यात गजेंद्रने वायरलेसवर आकड्याच्या पुढे पाच शब्द जास्तीचे बोलून टाकले : 'मगर पानी एक सीढ़ी ज़्यादा.' वरून विचारणा आली, की हा वाचक आहे की भविष्यवेत्ता? रमाकांतरावांच्या टेबलावर मेमोचा मसुदा आला. 'वाचकाने दिसेल तो आकडा नोंदवावा, स्वतःचे मत नोंदवू नये.' भाषा निर्दोष होती. त्यांनी एक स्वल्पविराम दुरुस्त करून सही केली. आठवड्याने ते निळं पत्र आलं.

पत्र आल्यावर रविवारी ते एकटेच, भाजीच्या पिशवीत टेप घालून घाटावर गेले. ओट्याच्या एका बाजूला फरशी उखडली होती, तिथे जुना दगड दिसत होता. त्यांनी मोजलं. बावीस सेंटीमीटर. पुन्हा मोजलं. बावीस. दोन मोजण्या तंतोतंत जुळल्या म्हणून इतका खेद त्यांना कधी झाला नव्हता.

निवृत्तीला अकरा महिने होते. त्यांनी ठरवलं, आधी जुनी मोजमापं नीट तपासू, मग लिहू. तपासण्यात दोन महिने गेले. तेवढ्यात गजेंद्रची बदली शहराच्या कडेच्या चिनहटच्या गोदामावर पहाऱ्याला झाली, कारण 'वाचनात अविश्वसनीय.' वरिष्ठांनी रमाकांतरावांचं मत विचारलं. त्यांनी लिहिलं, 'काही म्हणणे नाही.' आयुष्यभर त्यांचं कशावरच काही म्हणणं नसे. त्या दिवशी असायला हवं होतं. वीस वर्षं नदी वाचणारा माणूस जुनी गेजं, गंजलेल्या साखळ्या आणि फाटक्या छत्र्या राखत बसला आणि तिथूनच निवृत्त झाला. नंतरच्या वर्षांत दोन वेळा खालच्या वस्तीत पाणी आधी शिरलं आणि घरं सोडायची सूचना मागाहून आली. कुणी दगावलं नाही. लोक गच्चीवरच होते. सूचना ऐकून म्हणे टाळ्या वाजवल्या त्यांनी.

हे सगळं रमाकांतरावांना पाठ होतं, आणि पंचाहत्तरीत ते तसंच विरून जाईल अशी त्यांना जवळजवळ आशा वाटू लागली होती. तेवढ्यात परवाच्या सोमवारी हर्षवर्धन मिठाईचा डबा घेऊन आला.

हर्षवर्धन म्हणजे त्यांच्याच खुर्चीवर आता बसणारा अधिकारी. वडील रेल्वेत इंजिनिअर, तो जन्मला-वाढला लखनऊलाच. मराठी बोलता बोलता सहज हिंदीत घसरायचा आणि परत चढायचा.

"सर, गुरुवारी सकाळी घाटावर फंक्शन आहे. पुलावर रडारवाली मशीन लागली ना, तिचं उद्घाटन. दर पंधरा मिनिटांनी पातळी थेट दिल्लीला. आणि तुमचा सत्कार."

"माझा?" रमाकांतराव दचकले. "माझा कशाला?"

"अरे वा, कशाला म्हणजे? पोस्ट तुमची आहे, सर! सोळा-सतरा साल झाले, एक सूत हलली नाही."

कांचनताई चहा आणि मठरी घेऊन आल्या. "हलत नाही खरी," त्या म्हणाल्या. "यांच्यावर गेलीय."

"एक छोटीसी दिक्कत आहे पण," हर्षवर्धन मठरी मोडत म्हणाला. "मशीन जास्त दाखवतेय. कंपनीवाल्यांनी सॅटेलाइटवरून उंची काढली, म्हणतात एकदम करेक्ट आहे. पण तुमच्या पोस्टपेक्षा बावीस सेंटीमीटर जास्त येतंय."

रमाकांतरावांनी कप खाली ठेवला.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय? मी म्हटलं, भैया, ये निजसुरे साहब की पोस्ट है, ये नहीं हिलेगी, तुम अपनी मशीन हिलाओ. बेचारे मान गए. सॉफ्टवेअरमध्ये बावीस वजा करून टाकायचे, बस. गुरुवारी तुम्ही तुलनेच्या अहवालावर सही करायची, की जुनं नवं जुळतं."

त्याने अहवाल पुढे केला. रमाकांतरावांनी सवयीने पहिल्या पानापासून वाचायला घेतला आणि चौथ्या पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं, की यापूर्वी तत्कालीन वाचक गजेंद्र यांनी हाच संशय व्यक्त केला होता, परंतु चौकशीअंती तो निराधार आढळला.

"ही चौकशी कोणी केली?"

"तुम्हीच, सर. फाइलवर मेमो आहे ना तुमच्या सहीचा."

"अहवाल छापणार आहात?"

"छापणार, आणि कायमचा वेबसाइटवर. म्हणून तर नाव-बिव सगळं टाकलंय, प्रॉपर."

तो गेला. मग कांचनताई म्हणाल्या, "म्हणजे आता खरं बोलणारं यंत्रही तुम्ही सुधारून घेणार. आधी माणूस सुधारलात, आता यंत्र."

"मी कुठे काय केलं? तो हर्षवर्धनच—"

"तुम्ही कधीच काही केलं नाही, अहो, तेच तर म्हणतेय. त्या गजेंद्रला नातवंडं असतील. आजोबांचं नाव शोधतील मोबाइलवर. काय दिसेल? निराधार."

"गुरुवारी सांगतो मी," रमाकांतराव म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो."

कांचनताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. यांनी कधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीबद्दल तोंड उघडलं नव्हतं. "सांगा," त्या म्हणाल्या. "नक्की सांगा हं."

गुरुवारी घाटावर मांडव होता, झेंडूच्या माळा होत्या, आणि खांबाला तर चक्क हार घातला होता, त्यामुळे त्यावरचे अर्धे आकडे झाकून गेले होते. दिल्लीहून आलेले मोठे साहेब मधोमध बसले होते. रमाकांतरावांनी भाषण कार्डावर लिहून आणलं होतं, आणि कार्ड हरवेल म्हणून दुसरं कार्ड दुसऱ्या खिशात ठेवलं होतं. नाव पुकारलं गेलं. ते माइकपाशी गेले आणि त्यांनी पहिलं कार्ड काढलं.

"आदरणीय अध्यक्ष महोदय," त्यांनी हिंदीत वाचायला सुरुवात केली. "ये जो पोस्ट है, ये ग़लत है. बाईस सेंटीमीटर ग़लत है. ग़लती मेरी है. मुझे बताया गया था, मैंने सुना नहीं. जिन्होंने बताया, वो गजेंद्र जी सही थे. नई मशीन सही है. कृपा करके उसे मत बदलिए."

ते थांबले. आयुष्यात पहिल्यांदा आपण सरळ, लहान वाक्यं बोललो, असं त्यांना वाटलं. मग मोठ्या साहेबांनी माइक जवळ ओढला.

"देखा आपने?" ते गहिवरून म्हणाले. "इसको कहते हैं पुरानी पीढ़ी का संस्कार! इतना काम करके भी कहते हैं, ग़लती मेरी है. आज का कोई अफ़सर कहेगा? अपने नीचे के कर्मचारी को श्रेय देगा? तालियाँ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रमाकांतराव 'नहीं, नहीं' म्हणत हात हलवू लागले, तसा तो आणखी वाढला. त्यांच्या खांद्यावर शाल पडली. हातात खांबाची चांदीच्या रंगाची छोटी प्रतिकृती आली. त्यावरचे आकडे बरोबर आहेत का, हे त्यांनी तेवढ्यातही वाचून पाहिलं. अहवाल सहीसाठी पुढे आला. "चष्मा घरी राहिला," ते म्हणाले. चष्मा नाकावरच होता, पण मोठ्या माणसाच्या विनम्रतेत तेही खपून गेलं. कुणीतरी म्हणालं, सर, सोमवारी घरी येऊन घेतो सही.

परतताना हर्षवर्धनने त्यांना स्वतःच्या गाडीतून आणलं. त्याने पूल ओलांडला. मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "सर, सच में?"

"खरं."

"एकदम बावीस?"

"दोनदा मोजलं."

हर्षवर्धनने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "अरे यार," तो म्हणाला, आणि लगेच, "सॉरी, सर." सिग्नल सुटला. "पण सर, हे तुम्ही तोंडी कशाला बोललात? बोलण्याला आपल्याकडे फाइल नसते. आता मी जाऊन सांगितलं, निजसुरे सर असं म्हणाले, तर लोक म्हणतील, हाँ हाँ, कितने महान हैं. काग़ज़ पाहिजे. कागद आला की आवक नंबर पडतो. नंबर पडला की तो फाडता येत नाही, त्याला कुणालातरी उत्तर द्यावंच लागतं. सोमवारच्या आधी कागद आला ना, तर मी अहवाल अडवतो. माझ्याही गळ्यातली घंटी सुटेल."

"त्या गजेंद्रने पत्र लिहिलं होतं," रमाकांतराव हळूच म्हणाले. "त्याला कुठला नंबर पडला?"

"ऑफिसला लिहिलं असतं तर पडला असता, सर. ऑफिसच्या आवकेत तर काहीच नाही. मी सगळी फाइल पाहिली."

रमाकांतराव खिडकीबाहेर पाहत राहिले. घराजवळच्या कपूरथळा चौकात भाजीचे ठेले लागले होते. वीस वर्षं सरकारी कागद लिहिणाऱ्या गजेंद्रला आवक नंबर म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? मेमो कार्यालयातून आला होता. उत्तरही कार्यालयातच द्यायचा नियम. त्याने ते तिथे दिलं असतं, तर नंबर पडला असता, ओटा उकरला गेला असता, आणि निवृत्तीला अकरा महिने उरलेल्या निजसुरे साहेबांना खुलासा द्यावा लागला असता. गजेंद्रने मुद्दाम घरचा पत्ता शोधून काढला होता. स्वतःला वाचवायचं साधन हातात असताना त्याने साहेबाला आधी वाचवलं, आणि साहेबाने स्वतः सुधारावं म्हणून वाट पाहिली. सोळा वर्षं ते ज्याला गुपित समजत होते, तो चांगुलपणा होता. आणि त्याचा आपण हा असा उपयोग केला.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. पहिला मसुदा तीन पानांचा झाला. त्यात ओट्याचा इतिहास होता, पुजाऱ्याचा हेतू होता, त्या दिवशीच्या उन्हाचा कोन होता. कांचनताईंनी वाचून परत दिला. "यात तुम्ही कुठे आहात? ऊन आहे, पुजारी आहे, विटा आहेत."

दुसऱ्या मसुद्यात क्षमायाचना इतकी होती, की चूक काय झाली ते सापडेना. तिसरा त्यांनी स्वतःच फाडला. चौथा लिहिताना त्यांना शंका आली, की पायरीचीच उंची बदललेली असू शकते.

"चिनहट काय परदेशात आहे?" कांचनताई वैतागून म्हणाल्या. "ऑटोत बसा आणि जा. तोंडावर माफी मागा."

"तोंडावर मागितली तर तो 'जाने दीजिए, साहब' म्हणेल, चहा पाजेल, आणि मी सुटेन," रमाकांतराव म्हणाले. "आणि चौथ्या पानावर तो तसाच राहील."

कांचनताई उठल्या. त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणून ठेवला.

सातवा मसुदा एका पानाचा झाला. 'श्री. गजेंद्र जी, आपका पत्र मिला था. उत्तर में सोलह वर्ष लगे, इसका कोई कारण नहीं है, केवल मेरी कायरता है. आपने जो लिखा, वह सही था. मैंने उसी सप्ताह नापकर देख लिया था. जाँच कोई नहीं हुई. जो मेमो आपको दिया गया, वह मुझे मिलना चाहिए था. उस दिन से आज तक के हर आँकड़े में बाईस सेंटीमीटर जोड़े जाएँ, और अहवाल में—' इथे ते थांबले, 'अहवाल' खोडून त्यांनी 'रिपोर्ट' केलं— 'रिपोर्ट में आपका नाम ग़लती पकड़ने वाले के रूप में लिखा जाए.' खाली सही केली, आणि सहीखाली एक ओळ, जी लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला : 'प्रतिलिपि : कार्यालय, आवश्यक कार्यवाही हेतु. साथ में आपके मूल पत्र की फ़ोटोकॉपी.'

"हे वाचल्यावर तुमचं काय करतील ते?" कांचनताईंनी विचारलं. आवाजात थोडी काळजी होतीच.

"मलाही तेच समजत नाहीये."

"करून करून काय करतील? पंचाहत्तरीत चिनहटच्या गोदामावर बदली?" त्या म्हणाल्या, आणि मग दोघंही बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली.

गजेंद्रचा पत्ता हर्षवर्धनने फोनवर दिला. पेन्शनच्या कागदांत होता. रमाकांतरावांनी तो त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला.

शुक्रवारी सकाळी पोस्ट ऑफिस उघडायच्या आधीच ते दारात जाऊन उभे राहिले. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही पाकिटं वजनाला ठेवली आणि पत्ते वाचले.

"लखनऊ से लखनऊ? दोनों स्पीड पोस्ट?" बाई म्हणाल्या. "अंकल, चिनहट तो यहीं है. किसी के हाथ भिजवा दीजिए."

"नहीं जी," रमाकांतराव म्हणाले. "रसीद चाहिए."

बाईंनी खांदे उडवून शिक्के मारले, पावत्या फाडून दिल्या. रमाकांतरावांनी पावत्या वाचल्या. मग एकदम त्यांना वाटलं, की पिनकोडातला शेवटचा आकडा आपण एक लिहिला की सात. "बहनजी, एक मिनट," ते खिडकीत वाकले, "वो चिनहट वाला लिफ़ाफ़ा ज़रा फिर से दिखाइए, बस एक बार—"

"अब कहाँ, अंकल," बाई पुढच्या माणसाचं पाकीट घेत म्हणाल्या. "वो तो थैले में गया."